ज्यांच्या ताटात कुत्रा असतो त्यांना शिव्या देऊन कुत्रा वाचतो का?

वळचण
शनिवार, रात्री 11:20

गेल्या आठवड्यात माझ्या हातून एक चूक झाली, ती आधी सांगते. दक्षिण कोरियातल्या कुत्र्यांच्या फार्मचा एक व्हिडिओ माझ्याकडे आला. जाळीच्या पिंजऱ्यात दाटीवाटीनं कोंबलेली कुत्री. पायाखाली जमीन नाही, नुसती तार, आणि त्या तारेवर पंजे फाकवून उभं राहायची त्यांची धडपड. मी पाहिला, रडले, आणि "ही माणसं माणूस म्हणवून घ्यायच्या लायकीची नाहीत" अशा अर्थाचं इंग्रजीत लिहून तो कामाच्या गटावर टाकून दिला. त्या गटात माझी एक कोरियन सहकारी आहे, हे त्या क्षणी डोक्यातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं मला बाजूला बोलावलं. रागावली नव्हती, पण आवाज अगदी खाली गेला होता. तिची आई आणि मावशी कित्येक वर्षं याच धंद्याविरुद्ध मोर्च्यांना जात आल्या आहेत. फार्मवरून सोडवून आणलेली दोन कुत्री त्यांच्या घरात वाढली. घरात आजोबांशी वाद व्हायचा तेव्हा आजोबांचा मुद्दा ठरलेला असे: "परके लोक आपल्याला रानटी म्हणतात म्हणून तुम्हाला लाज वाटते, बाकी काही नाही." ती म्हणाली, "तुझं वाक्य माझ्या आईच्या बाजूनं नाही, आजोबांच्या बाजूनं साक्ष देतं."

त्यानंतर मी बरंच वाचलं. 1988 च्या सोल ऑलिंपिकच्या आधी जगभरातून टीका झाली, तेव्हा तिथल्या सरकारनं कुत्र्याचं मांस विकणारी उपाहारगृहं मोठ्या रस्त्यांवरून मागच्या गल्ल्यांत ढकलली. पाहुण्यांच्या नजरेआड. कुत्र्यांच्या आयुष्यात काडीचाही फरक पडला नाही. उलट पुढची अनेक वर्षं हा धंदा कायद्याच्या फटीत राहिला. पशुपालनाच्या कायद्यात कुत्रा हा पाळीव पशुधनात मोजला जाई, पण मांसाच्या स्वच्छतेच्या आणि कत्तलीच्या कायद्यात त्याचं नाव नव्हतं. म्हणजे पैदास करायला मोकळीक, आणि मारायचं कसं याचा एकही नियम नाही. जगाला त्याबद्दल बोलायचंच नव्हतं आणि देशाला ते लपवायचं होतं, तोवर ती फट तशीच राहिली.

ती बुजली कशामुळे? घराघरांत कुत्री राहायला आली त्यामुळे. तरुण पिढीनं ते मांस खाणं जवळपास सोडलं त्यामुळे. 2017 साली राष्ट्राध्यक्ष झालेल्या मून जे-इन यांनी मांसाच्या फार्मवरून सुटलेली टोरी नावाची काळी कुत्री दत्तक घेतली, आणि 2021 मध्ये बंदीचा विचार करायची वेळ आली आहे असं उघड म्हटलं. 9 जानेवारी 2024 ला तिथल्या संसदेत कायदा झाला. 208 मतं बाजूनं, विरोधात एकही नाही. मांसासाठी पैदास, कत्तल, वितरण, विक्री हे सगळं गुन्हा ठरणार आहे, फक्त शिक्षेची अंमलबजावणी 2027 पासून, कारण फार्मवाल्यांना दुसरं काही सुरू करायला वेळ दिला आहे. खाणाऱ्याला शिक्षा नाही.

माझा प्रश्न असा. दुसऱ्या समाजाच्या ताटातलं जनावर पाहून आपल्या पोटात जे ढवळतं ती दया असते, की नुसती किळस? आणि दया असेल तर ती त्या जनावरापर्यंत पोचते कशी? मला खरंच तुमच्याशी बोलायचं आहे.


शेवंती
रविवार, सकाळी 8:05

वळचण, तुम्ही मनापासून लिहिलंय, पण मी पूर्ण सहमत नाही. कुत्र्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती "आपल्याला सवय नाही" एवढ्यावर संपत नाही.

कुत्रा हा माणसाबरोबर राहायला लागलेला पहिला प्राणी. शेती सुरू व्हायच्या आधीपासून, निदान पंधरा हजार वर्षं तरी तो आपल्याबरोबर आहे. एवढ्या काळात आपण त्याच्यातून काय निवडत गेलो? माणसाचा चेहरा वाचणारा, बोट दाखवलं की तिकडे बघणारा, मालक आला की धावत येणारा कुत्रा. आपण त्याच्यात विश्वास पेरला. मग तोच विश्वास वापरून त्याला धरायचं आणि मारायचं, यात एक जास्तीचा गुन्हा आहे असं मला वाटतं. माझी कुत्री चौदा वर्षांची होऊन गेली. शेवटच्या दिवशी डॉक्टरांच्या टेबलावरही ती माझ्या हातावर हनुवटी ठेवून शांत पडली होती, कारण मी तिथे होते. तो हात दुसरं काही करेल असं तिच्या मनात येणंच शक्य नव्हतं. त्या व्हिडिओतली कुत्रीही माणूस पिंजऱ्याजवळ आला की शेपूट हलवतात, हे तुम्ही पाहिलं असेलच.


दगडफूल
रविवार, सकाळी 9:40

शेवंतीताई, तुमच्या कुत्रीबद्दल वाचून घसा दाटला. पण एक विचारते. विश्वास ठेवणं ही फक्त कुत्र्याची मक्तेदारी आहे का? हातावर वाढवलेलं वासरू, बाटलीनं दूध पाजलेलं कोकरू, हीसुद्धा माणसाच्या मागे मागे फिरतात. फरक एवढाच की त्यांना आपण घरात घेत नाही, म्हणून त्यांचा विश्वास आपल्याला दिसत नाही.

डुकराचं घ्या. 2021 मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. चार डुकरांना नाकाडानं जॉयस्टिक हलवून पडद्यावरचा ठिपका ठरावीक जागी न्यायला शिकवलं होतं. ती शिकली. खाऊ देणारं यंत्र बिघडलं तेव्हा नुसत्या माणसाच्या शाबासकीवरही खेळत राहिली. याच जनावराची गाभण मादी जगात अनेक ठिकाणी अशा लोखंडी चौकटीत ठेवतात की तिला अंगाभोवती वळताही येत नाही. उठायचं आणि बसायचं. ब्रिटननं 1999 मध्ये ती चौकट बंद केली. युरोपीय संघानं 2013 पासून गाभणपणाचे पहिले चार आठवडे आणि शेवटचा आठवडा सोडून बाकी काळासाठी बंद केली. उरलेल्या जगात मोठ्या प्रमाणावर चालूच आहे.

आणि कोंबडी. जगात वर्षाला सत्तर अब्जांहून जास्त कोंबड्या मारल्या जातात. मांसासाठीची कोंबडी सुमारे सहा आठवड्यांत कापायला तयार होते, तिचं अंग तिच्या पायांना पेलत नाही. अंड्यांच्या पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला ए-फोर कागदाएवढीही जागा येत नसे. युरोपनं तसले पिंजरे बंद करायचं 1999 मध्ये ठरवलं आणि ते प्रत्यक्षात यायला 2012 उजाडलं. अंड्यांच्या जातीतली नर पिल्लं अंडी देत नाहीत आणि मांसासाठी भरत नाहीत, म्हणून जन्मल्या दिवशीच मारतात. जर्मनीनं 2022 पासून ते बंद केलं, आता तिथे अंड्यातच नर-मादी ओळखतात.

वळचण, तुमच्या व्हिडिओत पायाखाली तार होती म्हणालात. तीच तार कोंबडीच्या पायाखाली असते. मी अकरा वर्षांपूर्वी मांस आणि अंडी सोडली ती या तारेमुळेच.


वेळूबन
रविवार, सकाळी 10:15

वाचतेय. फार दिवसांनी या विषयावर कोणी शांतपणे बोलतंय.


निवृत्त पशुवैद्य
रविवार, दुपारी 3:30

मी चोवीस वर्षं कत्तलखान्यांच्या तपासणीचं काम केलं. त्यामुळे "कोणतं जनावर" यापेक्षा "ते कसं मरतं" यावरच माझं आयुष्य गेलं. थोडं सविस्तर लिहितो, वाचवत नसेल तर पुढे जा.

जनावराला सुरी दिसण्याच्या बऱ्याच आधी त्याचे हाल सुरू होतात. उतरताना निसरडी फळी, अंधारातून एकदम प्रखर उजेडात जाणं, वाटेत लोंबणारी एखादी साखळी, जमिनीवर पडलेला कोट, माणसांचा आरडाओरडा. गाईबैल अशा गोष्टींपाशी थबकतात. ते थबकले की मागचा माणूस काठी किंवा विजेची दांडी वापरतो, आणि भीती रांगेत मागे मागे सरकत जाते. अमेरिकेतल्या प्राणिवर्तनाच्या अभ्यासक टेंपल ग्रँडिन यांनी हे जनावराच्या डोळ्यांच्या उंचीवरून, त्या गल्लीतून स्वतः वाकून चालत पाहिलं आणि वळणदार वाटा आखल्या. त्यांनी मोजमापंही साधी ठेवली. शंभरातली किती जनावरं पहिल्याच फटक्यात बेशुद्ध झाली, किती घसरली, किती हंबरली. निदान 95 तरी पहिल्या प्रयत्नात बेशुद्ध व्हायला हवीत असा त्यांचा दंडक होता. साधं वाटतं, पण मोजायला लागण्याआधी अनेक कत्तलखान्यांत तेवढंही होत नव्हतं.

मोठ्या जनावराला कपाळावर बोल्ट पिस्तूल लावतात. दट्ट्या कवटीत शिरतो आणि नीट लागला तर ते त्याच क्षणी कोसळतं. पिस्तुलाची निगा राखली नाही किंवा दमलेल्या माणसाचा हात हलला, तर दुसऱ्यांदा मारावं लागतं. मधले ते काही सेकंद मी कधी विसरलो नाही. डुकरांना काही ठिकाणी कार्बन डायऑक्साइडच्या खड्ड्यात उतरवतात. बाहेरून ते स्वच्छ आणि शांत दिसतं, पण तो वायू नाकात गेल्यावर शुद्ध हरपेपर्यंत त्यांचा जीव घुसमटतो, ती सुटायची धडपड करतात. कोंबड्यांना जिवंतपणीच पाय वर करून आकड्यांत अडकवतात आणि डोकं वीज सोडलेल्या पाण्यातून नेतात. जिनं मान वर केली तिला झटका लागत नाही, ती शुद्धीतच पुढे जाते.

कुत्र्याच्या मांसाच्या धंद्याबद्दल एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कुत्रा कळपात दाटीनं ठेवायचं जनावर नव्हे, तो चावतो, भांडतो. त्याला मारण्याची तपासलेली, मान्य केलेली पद्धत जवळपास कुठेच नाही, कारण ज्या देशांत नियम लिहिले गेले तिथे कुत्रा खात नाहीत आणि जिथे खातात तिथे नियमांत त्याचं नाव नाही. त्यात चोरलेली पाळीव कुत्री आणि रेबीजचा धोका. त्यामुळे या धंद्यावरचा आक्षेप निव्वळ किळसेचा आहे असं मी म्हणणार नाही. पण तो आक्षेप पद्धतीवरचा आहे, आणि तशीच पद्धत दुसऱ्या जनावराच्या वाट्याला आली तर तिथेही तो तेवढ्याच जोरानं घ्यायला हवा.


जुनी वही
रविवार, संध्याकाळी 6:50

किळसेचा इतिहास फार रंजक आहे, त्यावर थोडं.

घोड्याचं मांस खाणं हे पाप, असं युरोपात कधी ठरलं? सन 732 मध्ये पोप तिसरे ग्रेगरी यांनी जर्मन मुलखात धर्मप्रसार करणाऱ्या बॉनिफेसना पत्र लिहून ते बंद करायला सांगितलं, कारण तिथले जुन्या धर्माचे लोक घोडा देवाला वाहून खात. सन 1000 च्या सुमारास आइसलँडनं ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा लोकांनी अट घातली की घोडा खायची मुभा काही काळ तरी राहावी. 1866 मध्ये फ्रान्सनं घोड्याच्या मांसाची विक्री पुन्हा कायदेशीर केली, गरिबांना स्वस्त मांस मिळावं म्हणून. चारच वर्षांनी पॅरिसला वेढा पडला तेव्हा त्या शहरानं घोडे खाल्ले, मग कुत्री, मांजरं, उंदीर, आणि शेवटी प्राणिसंग्रहालयातले कॅस्टर आणि पोलक्स हे दोन हत्तीसुद्धा. आणि 2013 मध्ये युरोपात गोमांस म्हणून विकलेल्या तयार जेवणात घोडा सापडला तेव्हा केवढा गहजब झाला. फसवणुकीचा राग रास्तच होता. पण अनेकांना ओकारी आली ती फसवणुकीमुळे नव्हे, घोड्यामुळे. कझाकस्तानात तोच घोडा पाहुण्यासाठी मानाचं अन्न.

म्हणजे आपल्याला जे निसर्गदत्त वाटतं ते बऱ्याचदा कुणाच्या तरी पत्रातून, वेढ्यातून, भुकेतून आलेलं असतं.


उत्तररात्र
रविवार, रात्री 9:10

इथे मला थांबवावंसं वाटतं. किळस घडवलेली आहे हे मान्य. पण म्हणून प्रत्येक समाजाचं सगळं त्याचं त्याला लखलाभ, असं म्हणायचं का? "ही आमची संस्कृती आहे" हे वाक्य क्रूरतेच्या बचावात जितक्या वेळा उभं केलं गेलं तितकं दुसरं क्वचितच असेल.

इंग्लंडमध्ये अस्वलाला खांबाला बांधून त्याच्यावर कुत्री सोडायचा खेळ शेकडो वर्षं चालला. राजघराणीसुद्धा पाहायला जात. 1835 मध्ये कायद्यानं बंद झाला. त्या वेळीही गरिबांची करमणूक हिरावता म्हणून ओरड झालीच असणार. आज कोणाला तो परत हवाय?

फ्रान्सचं उदाहरण तर आजचं आहे. 'फ्वा ग्रा' या यकृताच्या पदार्थासाठी बदकांच्या आणि हंसांच्या घशात नळी घालून मका ठासतात, यकृत फुगून मूळ आकाराच्या कित्येक पट होईपर्यंत. 2006 मध्ये फ्रान्सनं कायद्यातच लिहून टाकलं की हा आमच्या संरक्षित सांस्कृतिक आणि खाद्य वारशाचा भाग आहे. तेच काम अनेक देशांत गुन्हा आहे. वारसा म्हटल्यावर त्या बदकाच्या घशातली नळी मऊ होते का? वळचण, तुमच्या सहकारी बाईंच्या दुःखाबद्दल मला आदर आहे. पण बाहेरच्यांनी कधीच बोलू नये, असा त्याचा अर्थ निघत असेल तर तो मला मान्य नाही. पिंजऱ्यातल्या जनावराला आतला आणि बाहेरचा कळत नाही.


पाणकावळा
सोमवार, सकाळी 7:30

उत्तररात्र, तुमचं शेवटचं वाक्य बरोबर आहे. पण बाहेरच्यांनी बोलल्यावर नेमकं काय होतं, याची दोन उदाहरणं देतो. दोन्हीमध्ये बोलणाऱ्यांचं मन चांगलंच होतं.

पहिलं सील या समुद्री प्राण्याचं. बर्फावर काठीनं मारलेल्या पांढऱ्या पिल्लांची छायाचित्रं जगभर पोचली आणि 1983 मध्ये युरोपीय समुदायानं त्या पिल्लांच्या कातड्यांची आयात थांबवली. कॅनडाच्या उत्तरेतले इन्युइट लोक त्या पिल्लांची शिकार करतच नव्हते. ते मोठे सील मारत, मांस खात, कातडं विकून बंदुकीच्या गोळ्या आणि इंधन घेत. कागदावर त्यांना सूट होती. पण सील या शब्दालाच डाग लागला आणि सगळ्या कातड्यांचा भाव कोसळला. 2009 मध्ये युरोपनं सीलपासून बनणाऱ्या बहुतेक सगळ्याच वस्तूंवर बंदी आणली, पुन्हा इन्युइटांना सूट देऊन, आणि पुन्हा ती सूट बाजारात कामाला आली नाही. जिथे झाड उगवत नाही, तिथे माणसानं काय खावं हे झाडांच्या देशात बसून ठरवलं गेलं. 2014 मध्ये, त्या मोहिमेत पुढे असलेल्या ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेच्या कॅनडा शाखेनं इन्युइटांची जाहीर माफी मागितली. तोवर तीस वर्षं गेली होती.

दुसरं घोड्याचं, आणि हे मला जास्त छळतं. अमेरिकेतले घोड्यांचे शेवटचे कत्तलखाने 2007 मध्ये बंद झाले. घोडाप्रेमींचा मोठा विजय. पण नको झालेले घोडे होतेच. ते ट्रकमधून मेक्सिको आणि कॅनडात जाऊ लागले. 2011 मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानं अहवाल दिला: 2006 ते 2010 या काळात कत्तलीसाठी कॅनडाला जाणारे घोडे 148 टक्क्यांनी आणि मेक्सिकोला जाणारे 660 टक्क्यांनी वाढले होते. घोडा मेलाच. फक्त आधी त्याला किती तरी जास्त प्रवास घडला, आणि तो जिथे मेला तिथे अमेरिकेचा कायदा पोचत नव्हता.

म्हणून "बोलू नये" असं मी म्हणत नाही. बोलल्यानंतर ते जनावर आणि त्याच्यावर पोट असलेला माणूस, या दोघांचं काय होतं हे बघायला थांबावं, एवढंच म्हणतो. आपण छायाचित्र पाहून निघून जातो.


वळचण
सोमवार, दुपारी 1:45

सगळ्यांचे मनापासून आभार. पाणकावळा, घोड्यांचं मला माहीत नव्हतं. दोनदा वाचलं.

उत्तररात्र, बाहेरच्यांनी गप्प बसावं असं मला म्हणायचं नाही. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांचं उदाहरण मला यात मदत करतं. तिथे डॉल्फिन आणि छोटे देवमासे किनाऱ्याकडे हाकलून मारायची शेकडो वर्षांची रीत आहे, मांस गावात वाटून घेतात. जग त्यांना वर्षानुवर्षं शिव्या देत आलं आणि ते तितक्याच हट्टानं करत राहिले. पण 12 सप्टेंबर 2021 ला एकाच दिवसात 1,400 हून जास्त डॉल्फिन मारले गेले तेव्हा तिथलेच लोक हादरले. एवढं मारायला पुरेसे हात किनाऱ्यावर नव्हते, जनावरं बराच वेळ तडफडत राहिली. तिथल्या सरकारनं त्यानंतर 2022 आणि 2023 साठी वर्षाला 500 डॉल्फिनची मर्यादा घातली. त्याआधीही मणक्याशी एका घावात मारणारा खास भाला त्यांच्याच लोकांनी बनवला आणि 2015 पासून प्रशिक्षण घेतल्याशिवाय कोणी मारायचं नाही असा नियम केला. मला ती रीत आजही नकोशी वाटते. पण तडफड कमी करणारे हात तिथलेच होते, आणि बाहेरून बोलणाऱ्यानं त्या हातांशी बोलायला हवं होतं. मी माझ्या सहकारी मैत्रिणीच्या आईशी बोलू शकले असते. मी तिच्या देशाला बोलले.

याउलट नागालँडमध्ये जुलै 2020 ला कुत्र्याच्या मांसाच्या व्यापारावर सरकारी आदेशानं बंदी आली आणि जून 2023 मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयानं ती रद्द केली, कारण तो आदेश काढायचा अधिकारच त्या अधिकाऱ्याला नव्हता. वरून आलेला कागद होता, वरूनच गेला. तैवाननं मात्र 2017 मध्ये संसदेत चर्चा करून कुत्र्या-मांजरांचं मांस खाण्यावरसुद्धा बंदी घातली, ती टिकून आहे.


जुनी वही
सोमवार, रात्री 8:20

दयेच्या नावानं दुसरंच काही चालतं तेव्हाचं एक उदाहरण राहिलं होतं, तेही इथे यायला हवं.

स्वित्झर्लंडमध्ये 1893 साली लोकांनी मत देऊन बेशुद्ध न करता जनावर कापायला बंदी घातली. मजकूर प्राण्यांच्या कळवळ्याचा होता, पण प्रचारात ज्यूंबद्दलचा द्वेष उघड होता, आणि बंदीचा रोखही त्यांच्याच रिवाजावर होता. जर्मनीत नाझी सत्तेवर आल्यावर तीन महिन्यांच्या आत, एप्रिल 1933 मध्ये, तसाच कायदा झाला. जनावराला वेदना नकोत म्हणणाऱ्या त्याच सत्तेनं माणसांचं काय केलं हे वेगळं सांगायला नको. आज युरोपात हा वाद ज्यू आणि मुसलमान दोघांभोवती आहे. 17 डिसेंबर 2020 ला युरोपीय संघाच्या न्यायालयानं निकाल दिला की सदस्य देश शुद्ध परत येऊ शकेल अशा पद्धतीनं बेशुद्ध करणं सक्तीचं करू शकतात. त्या खटल्यात धार्मिक संघटनांनी विचारलं होतं, मग हौसेच्या शिकारीला सूट का? न्यायालयानं शिकार वेगळी ठरवली. कायद्यानं ते बरोबर असेल. पण गोळी लागून जखमी अवस्थेत झाडीत पळालेल्या हरणाला किती वेळ लागतो, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. बहुसंख्यांची हौस आणि अल्पसंख्यांचा धर्म यांना एकच फूटपट्टी लागली पाहिजे.


निवृत्त पशुवैद्य
सोमवार, रात्री 10:00

जुनी वही, रोख कोणावर होता हे तुम्ही बरोबर सांगितलंत. तरी वेदना खरी आहे हेही मला सांगावंच लागेल. मेंढीचा गळा नीट कापला तर काही सेकंदांत शुद्ध जाते. गाईबैलांत मानेच्या मणक्यांतून जाणाऱ्या रक्तवाहिन्या मेंदूला रक्त पोचवत राहतात, त्यामुळे वेळ जास्त लागू शकतो. कोणाच्या धर्माशी याचा संबंध नाही, शरीराची रचनाच तशी आहे.

पण वाट निघते. न्यूझीलंडमध्ये हलाल कत्तलीतही आधी बेशुद्ध करणं बंधनकारक आहे, आणि तिथून हलाल मांस मोठ्या प्रमाणावर निर्यात होतं. डोक्याला विजेचा असा झटका देतात की कापलं नाही तर जनावर परत उठून उभं राहील. त्यामुळे ते कापताना जिवंत होतं, ही धर्माची अट पाळली जाते. हे मुस्लिम धर्मगुरूंना बरोबर घेऊन, त्यांच्या शंकांना उत्तरं देत ठरलं. सगळ्यांना पटलेलं नाही. पण तिथे कोणी कोणाला रानटी म्हटलं नाही आणि लाखो मेंढ्यांचं मरण सोपं झालं.


दगडफूल
मंगळवार, सकाळी 6:55

डॉक्टर, तुमच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण मरण सोपं करण्याच्या या सगळ्या चर्चेत एक गोष्ट निसटते: ते मरण गरजेचं होतं का? इन्युइटाला सील लागतो. ज्याच्याजवळ डाळ, धान्य, भाजी सगळं आहे त्याला कोंबडी लागतेच असं नाही.

आणि आपली दया अजून चेहरा असलेल्यांपाशीच थांबते. 2003 मध्ये स्कॉटलंडमधल्या लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या ओठांत आम्ल टोचलं, तेव्हा ते मासे ओठ तळाच्या खड्यांवर घासत राहिले, खाणं सोडलं. वेदनाशामक दिल्यावर ते घासणं कमी झालं. माशाला ओरडता येत नाही, एवढंच. स्वित्झर्लंडनं 2018 पासून शेवंड्यांना शुद्धीत उकळत्या पाण्यात टाकायला बंदी केली. ब्रिटननं 2022 च्या कायद्यात खेकडे, शेवंडे आणि ऑक्टोपस यांना जाणीव असणारे जीव म्हणून घेतलं. किती उशिरा, पण घेतलं.


शेवंती
मंगळवार, दुपारी 12:30

दोन दिवस विचार करत होते. कुत्रा वेगळा आहे हे मला अजूनही वाटतं, ते जाणार नाही. माझ्या हातावर ठेवलेल्या हनुवटीचं वजन मला अजून जाणवतं. पण दगडफूल, तुमचं ते वाक्य लागलं: घरात घेत नाही म्हणून विश्वास दिसत नाही. मी मांस खाते. काल ताटावर बसले आणि पहिल्यांदाच मला माहीत नव्हतं की हे जनावर कुठे वाढलं, त्याला वळता येत होतं का. माहीत करून घ्यायचं ठरवलंय. कळेपर्यंत खाणार नाही. पुढे काय करेन ते आत्ता सांगता येत नाही.


वळचण
बुधवार, रात्री 10:50

मी त्या गटावर माफी लिहिली. मैत्रिणीनं ती तिच्या आईला वाचून दाखवली.

आईनं उलट एक गोष्ट कळवायला सांगितली, ती तुमच्यापर्यंत पोचवते. कायदा झाला म्हणून ती खूश आहे, पण तिला झोप लागत नाही, कारण सरकारी अंदाजाप्रमाणे फार्मवर साडेचार लाखांहून जास्त कुत्री होती. ती बहुतेक मोठ्या अंगाची, शहरातल्या छोट्या घरांत ठेवायला अवघड. त्यांना कोण घेणार? आणि फार्मवाले बरेचसे म्हातारे आहेत. ज्यांच्याविरुद्ध ती इतकी वर्षं मोर्चे काढत होती, त्यांच्यातल्या एकाकडे ती आता आठवड्यातून एकदा जाते, उरलेल्या कुत्र्यांना लस टोचायला मदत करते. तो आधी फाटक उघडत नव्हता. आता तिच्यासाठी पाणी गरम करून ठेवतो.

त्याच्याकडून तिनं हिवाळ्यात एक कुत्री घरी आणली. सहा वर्षांची, आयुष्यभर तारेवर उभी राहिलेली. पंजे अजून फाकलेलेच आहेत. पहिले काही दिवस ती दाराच्या पायरीवरून खाली उतरलीच नाही. समोर गवत होतं. मैत्रिणीची आई रोज संध्याकाळी गवतावर जाऊन बसते आणि वाट बघते. मैत्रिणीनं काल फोटो दाखवला. पुढचे दोन पाय गवतावर आहेत, मागचे दोन अजून पायरीवर.